पुढचं घर, मागचं खाजन : तिसवाडीतल्या एका जमिनीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पणजीला चिकटून असलेल्या एका गावातलं आहे. गाव अजून पंचायतीत मोडतं, पण रात्री दिवे पाहिले तर शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील आणि क्षेत्रफळाचे आकडे बदलले आहेत. कायद्याचे आणि नकाशाचे मुद्दे जसे होते तसेच ठेवले आहेत. इमारतींचे आराखडे आणि परवानग्या हे माझं काम. या कुटुंबाने मला बोलावलं ते मात्र कागद वाचून दाखवायला.

पार्श्वभूमी

रस्त्याला लागून जुनं कौलारू घर. त्याच्या मागे माडांचं भाट, म्हणजे बागायत; भाटात विहीर. विहिरीपलीकडे जमीन एकदम खाली उतरते आणि खाजन शेत सुरू होतं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती. शेताच्या टोकाला बांध आणि बांधापलीकडे भरती-ओहोटीचा ओहोळ. घरचे लोक या सगळ्याला मिळून ‘आमचं भाट’ म्हणत. वडील गेल्यावर आई, तीन भाऊ आणि एक बहीण असे वारस राहिले. थोरले घर सांभाळून तिथेच राहत होते, मधले मडगावला नोकरीला, धाकटे पुण्यात. बहीण लग्न होऊन फोंड्याला.

सर्वेच्या दृष्टीने मात्र ‘भाट’ एक नव्हतं. पुढचा पोटहिस्सा २,४०० चौरस मीटरचा, मागचा २,८०० चा, आणि दोन्हींचे एक-चौदाचे उतारे, म्हणजे मालक आणि कुळाची नोंद असलेले जमिनीचे कागद, वेगळे.

प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये हाच तुकडा तीन झोनमध्ये पडत होता. रस्त्याकडचे साधारण १,३५० चौरस मीटर (यापुढे क्षेत्रासाठी नुसतं ‘मीटर’) सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा, घरं बांधता येणारा झोन, त्यामागचं भाट ऑर्चर्ड, म्हणजे बागायती, आणि मागचं शेत खाजन म्हणून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील, म्हणजे ईको-१ मध्ये. सेटलमेंटची रेघ बरोबर विहिरीवरून जात होती. विहिरीचा अर्धा कठडा सेटलमेंटमध्ये आणि अर्धा ऑर्चर्डमध्ये, असं नकाशावर दिसत होतं. त्या प्रमाणाच्या नकाशावर रेघेची नुसती जाडीच जमिनीवर काही मीटर भरते. जिथे जमीन मीटरच्या भावाने विकली जाते तिथे या काही मीटरांवरून घरं दुभंगतात.

गोव्यात या रेघांना जो इतिहास आहे तो इथे थोडक्यात सांगायला हवा, कारण कुटुंबाच्या निर्णयावर त्याची सावली होती. नगर आणि ग्रामनियोजनाचा आपला कायदा १९७४ चा. त्याखाली केलेला २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला. डोंगर, भाटं आणि शेतं त्यात सेटलमेंट करून टाकल्याचं लोकांच्या लक्षात आलं, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. मग वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या सहभागाने कृती दल नेमलं गेलं आणि २०२१ चा आराखडा तयार झाला. त्याच्या मसुद्याचे नकाशे पंचायतींत ठेवून गावांकडून सूचना मागवल्या होत्या. २०११ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने अधिसूचित झाला, पुढे काही वर्षं स्थगित राहिला आणि नंतर पुन्हा लागू झाला. त्यानंतर नियोजनाच्या कायद्यात दुरुस्त्यांची मालिका सुरू झाली: २०१८ मध्ये कलम १६ब, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९अ. तिन्हींचा परिणाम एकच होता. अख्ख्या आराखड्याचा फेरविचार न करता एकेका भूखंडाचा झोन बदलायची वाट मोकळी झाली.

अडचण

२०२३ च्या दिवाळीनंतर एक खरेदीदार आला. बाहेरची कंपनी, इथला माणूस मध्ये. त्याला सगळे ५,२०० मीटर हवे होते. बोलणं गोड होतं: “भाऊ, पुढच्याचा भाव आज घ्या. मागच्याचा झोन आम्ही बदलून आणतो, बदलला की त्याचाही सेटलमेंटचा भाव. खर्च आमचा.” कलम १७(२) खाली आराखड्यात नकळत झालेली चूक किंवा विसंगती दुरुस्त करायचा अर्ज मालकाने करायचा होता. त्यासाठी भावांनी फक्त सह्या द्यायच्या.

तिघा भावांनी स्टँप पेपरवर करार केला आणि थोरल्यांनी विसाराची रक्कम घेतली. मी या गोष्टीत आलो त्यानंतर. बहिणीला फोंड्यात बाहेरून बातमी कळली आणि तिने मधल्या भावाला फोन करून एकच विचारलं, “दादा, आईची सही घेतली का?”

घेतली नव्हती. आईला विचारायला हवं असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. गोव्यात नागरी संहितेनुसार लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते. वडिलांच्या नावावर जे होतं त्यातलं अर्धं आईचं होतं, वडील असतानाही आणि गेल्यावरही. वारसाहक्काने वाटलं जाणार ते उरलेलं अर्धं. म्हणजे चार भावंडांना प्रत्येकी आठवा हिस्सा, आणि त्यातही सुनांचा आणि जावयाचा हक्क. ज्या करारावर तिघांच्या सह्या होत्या त्यात ते तिघं मिळून अर्ध्याचेही मालक नव्हते.

कागद माझ्याकडे आले तेव्हा मी झोनचा नकाशा बाजूला ठेवला आणि मागच्या पोटहिश्श्याचा एक-चौदा आधी उघडला. खाली कुळाच्या रकान्यात एक नाव होतं. वाड्यातल्याच एका घराच्या आजोबांचं. त्यांचा मुलगा आजही ते शेत करतो. सरदाला, म्हणजे पावसाळी हंगामात, कोरगुट हे खारं पाणी सोसणारं भात पेरतो, कारण खारट जमिनीत दुसरं फारसं काही टिकत नाही. कुटुंबाच्या दृष्टीने तो ‘आमचं शेत करणारा’ होता. रकाना काय सांगतो ते कोणी वाचलंच नव्हतं.

तो रकाना फार काही सांगत होता. १९६४ च्या कूळ कायद्यात १९७६ ला पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारं कूळ हे त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. कुळाच्या घराने खरेदीची सनद कधी घेतली नव्हती, किंमत भरली नव्हती, म्हणून भोगवटादाराच्या रकान्यात वडिलांचं नाव तसंच राहिलं होतं. पण वकिलांचं मत स्पष्ट होतं: मागच्या शेतावर कुटुंबाचा हक्क जवळजवळ उरलेलाच नाही. शिवाय १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा सांगतो की कुळाकडे गेलेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. झोन कोणताही करून आणला तरी ही अट हलत नाही. त्यातच २०२३ पासून भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला हस्तांतरित करण्यावर वेगळा कायदा आला आहे, आणि खरेदीदार तर कंपनी.

पाण्याचा प्रश्न याहून वेगळा. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे: खाजन जमिनींचं नकाशांकन करायचं, तिथली खारफुटी राखायची आणि खाजनात विकासकाम करू द्यायचं नाही. गोव्याचा किनारी व्यवस्थापन आराखडा त्याच अधिसूचनेखाली २०२२ मध्ये मंजूर झाला. ओहोळाच्या काठची बंधनं त्यावर आणखी.

म्हणजे ज्या २,८०० मीटरांच्या ‘सेटलमेंटच्या भावा’वर सगळा व्यवहार तोलला होता, त्या मीटरांवर तीन कुलपं होती आणि झोन हे त्यातलं सर्वांत हलकं. माझ्या कामात वारंवार येणारा अनुभव हाच आहे. लोक झोनपासून सुरुवात करतात, कारण झोन बदलता येतो असं त्यांना सांगितलेलं असतं. मालकी, कूळ आणि पाणी या गोष्टी बदलता येत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

पुढे असलेले पर्याय

बैठक जुन्या घराच्या सोप्यावर झाली. आई झोपाळ्यावर, बाकीचे खाली चटईवर. धाकटे फोनवर.

पहिला पर्याय करार पुढे नेण्याचा. आई आणि बहिणीच्या सह्या घ्यायच्या, १७(२) चा अर्ज करायचा. खरेदीदाराचा माणूस म्हणत होता, “कुळाचं आम्ही बघतो.” याचा अर्थ सगळ्यांना कळत होता: कुळाला काही रक्कम देऊन हक्क सोडून दिल्याचा कागद करून घ्यायचा. थोरल्यांना हा मार्ग सोपा वाटत होता आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. घराचं छप्पर गळत होतं, मुलाचं शिक्षण चालू होतं, आणि विसारातले काही पैसे खर्चही झाले होते.

मी त्यांना एवढंच दाखवलं की अर्जात लिहायचं काय. ‘आराखड्यात चुकून खाजन दाखवलं आहे’ असं लिहून सही करावी लागणार होती. भिंतीपलीकडे शेतात पाणी दिसत होतं. चूक कुठे आहे?

दुसरा पर्याय धाकट्यांनी पुण्याहून सुचवला. विकायचं नाही, स्वतःच ऑर्चर्डमध्ये फार्महाऊस बांधू. ऐकायला बरं वाटतं. पण गोव्यात फार्महाऊसला किमान ४,००० चौरस मीटर जमीन लागते. इथे ऑर्चर्ड होतं जेमतेम हजार मीटर. तो विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय, फक्त पुढचा पोटहिस्सा विकायचा. कायद्याने शक्य होतं. पण मग जुनं घर जाणार होतं. आईने पहिल्यांदा तोंड उघडलं ते इथे. ती म्हणाली, “मी असेपर्यंत विहीर दुसऱ्याची होता कामा नये.” यावर वाद कोणी घातला नाही.

चौथा पर्याय होता सेटलमेंटमध्ये जेवढं बसतं तेवढंच बांधायचं, भाट तसंच ठेवायचं आणि शेत ज्याचं आहे त्याला मोकळं करायचं. मी त्याचं गणित मांडून दिलं. १,३५० मधून रस्तारुंदीसाठी सुमारे ९० मीटर सोडावे लागतील. उरले १,२६०. आराखड्यात गावांच्या दोन श्रेणी आहेत, एकीला ८० एफएआर (भूखंडाच्या किती टक्के बांधकाम करता येतं तो आकडा) आणि दुसरीला ६०. हे गाव दुसऱ्या श्रेणीतलं. म्हणजे सगळे मजले धरून ७५६ चौरस मीटर. जुनं घर एकमजली, १८० मीटरचं. ते ठेवलं तर सुमारे ५७५ मीटर नवं बांधकाम उरतं. तळमजला आणि वर एक मजला अशी चार मध्यम घरं त्यात आरामात बसतात. खरेदीदाराने दाखवलेल्या आकड्याच्या मानाने हे फार थोडं होतं. मात्र हा आकडा आजच्या कागदांवर उभा होता. तो मिळण्यासाठी कोणाचा झोन बदलावा लागत नव्हता आणि कोणाचं शेत घ्यावं लागत नव्हतं.

त्या बैठकीत निर्णय झाला नाही. थोरले उठून गेले.

निर्णयाचे क्षण

पुढच्या पावसाळ्याने बरंच काही ठरवून टाकलं. त्याच खाजनाच्या दुसऱ्या टोकाला एका भूखंडावर उन्हाळ्यात मातीचा भराव पडला होता. ट्रक रात्री येत. आजूबाजूच्या लोकांनी पंचायतीला लिहिलं. सखल जमीन भरायला किंवा डोंगर कापायला नियोजन खात्याची परवानगी लागते, १७अ कलम त्यासाठीच आहे. पण तक्रार पोचून पाहणी होईपर्यंत भराव बसून गेला होता.

जुलैत सलग पाऊस लागला. खाजनाची रचना ज्यांनी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांध खाऱ्या पाण्याला बाहेर ठेवतो. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतात साठलेलं पावसाचं पाणी ओहोळात जातं. माणसाने रोज काही करायचं नसतं, दाराची आणि बांधाची निगा तेवढी राखायची. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावांनी हे चालवलं. पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं: भरती असेपर्यंत पावसाचं पाणी थांबायला आत जागा हवी. ती जागा म्हणजेच शेत. त्यातला एक तुकडा भरला की त्याचं पाणी उरलेल्यांवर चढतं.

त्या पावसात एका रात्री भरती मोठी होती. मानशीच्या झडपा मिटलेल्या, आत पाऊस. पहाटे पाणी शेताची मेर ओलांडून भाटात चढलं आणि विहिरीच्या कठड्याला टेकलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा कठड्याच्या बाहेरच्या बाजूला गढूळ पाण्याची ओल दगडाच्या दुसऱ्या थरापर्यंत दिसत होती, आणि थोरले विहिरीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखून पाहत होते. मचूळ लागत होतं.

कुळाच्या घरचा मुलगा तिथेच उभा होता. तो थोरल्यांहून दहाएक वर्षांनी लहान. त्याने मानशीची एक झडप रात्री पाण्यात उतरून मोकळी केली होती, त्यात फांदी अडकली होती. तो म्हणाला, “दादा, शेत विकलंत असं गावात ऐकलं. मला विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.” थोरल्यांनी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी मला फोन करून चौथ्या पर्यायाचे कागद पुन्हा मागितले.

माझ्या मते या प्रकरणाचं वळण इथे आहे. कायद्याची माहिती त्यांना आधीच मिळाली होती. ती पटली ती पाणी दारात आल्यावर. नियोजनाच्या कामात असलेल्यांनी हे लक्षात ठेवायला हवं: ‘ईको-१’ हा शिक्का लोकांना सरकारी अडवणूक वाटतो, कारण ती जमीन काय काम करते हे नकाशा सांगत नाही. नकाशावर खाजन रिकामी जागा दिसते.

दुसरा अवघड क्षण विसार परत करण्याचा. खरेदीदाराने नोटीस पाठवली. वकिलांनी उत्तरात आईच्या अर्ध्या हिश्श्याचा मुद्दा आणि कुळाची नोंद मांडली. ज्याच्याकडे जमीन विकायचा पुरा अधिकारच नव्हता त्याच्याशी करार करताना समोरच्यानेही उतारे पाहायला हवे होते. शेवटी विसाराची रक्कम हप्त्यांनी परत करायची असं ठरलं. बहिणीने स्वतःच्या ठेवीतून पहिला हप्ता भरला. ही गोष्ट थोरल्यांना लागली आणि त्याने घरातलं वातावरण बदललं. कुठल्याही सल्लागाराला ते जमलं नसतं.

केलेली कामं

आधी मोजणी. भूमापन खात्याकडे अर्ज करून हद्दी ठरवून घेतल्या, दगड बसवले. मग झोनची अधिकृत माहिती नियोजन खात्याकडून लेखी घेतली. विहिरीवरून जाणाऱ्या रेघेबद्दल आम्ही वाद घातला नाही. विहिरीच्या अलीकडे पुरेसं अंतर सोडून बांधकाम आखलं, म्हणजे रेघ दोन मीटर इकडे काय किंवा तिकडे काय, फरक पडणार नव्हता. सेप्टिक टँक रस्त्याकडच्या उंच भागात घेतला, विहिरीपासून शक्य तितका दूर. त्यामुळे एका घराचं अंगण लहान झालं आणि त्यावरून धाकट्यांशी बरंच बोलावं लागलं.

वारसांचं काम उपनिबंधकांकडे सक्सेशन डीडने, म्हणजे वारस कोण ते नोंदवणाऱ्या दस्ताने, झालं. सगळे एकमताचे झाल्यामुळे न्यायालयातली इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीची कारवाई, टळली. नंतर वाटणीपत्र: जुनं घर आणि विहीर आईच्या हिश्श्यात, नव्या चारांतलं एकेक घर प्रत्येक भावंडाला, भाट सामायिक.

सेटलमेंट झोन असला तरी जमिनीचा वापर आपोआप बदलत नाही. महसूल संहितेच्या कलम ३२ खाली रूपांतराची सनद घ्यावीच लागते. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज गेला, मामलेदार, नियोजन आणि वन खात्याचे अहवाल मागवले गेले. सनद हाती आली तेव्हा २०२५ चा उन्हाळा लागला होता. त्यापाठोपाठ नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा दाखला आणि पंचायतीचं बांधकाम लायसन.

मागच्या शेतासाठी कुळाच्या घराने मामलेदारांकडे खरेदीचा अर्ज केला. कुटुंबाने हरकत घेतली नाही, लेखी संमती दिली. आईने त्यावर सही केली तेव्हा तो मुलगा समोर बसला होता. तिने त्याला एवढंच सांगितलं, “बांधाचं काम निघालं की आमच्या घरचं माणूस येईल. बोलाव.”

निकाल

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली आणि त्या कलमाचा अर्थही आकुंचित केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या वाटेने झोन बदलून घेतलेल्या कितीतरी जणांचे कागद अधांतरी झाले. याच वाड्यातल्या एका कुटुंबाने खरेदीदाराच्या सांगण्यावरून अर्ज केला होता. त्यांची जमीन आज विकलीही गेलेली नाही आणि त्यांच्या हातात पूर्वीसारखी मोकळीही नाही, कारण करार उभा आहे आणि परवानगीचा भरवसा नाही. ३९अ कलमालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.

आपल्या प्रकरणातल्या कुटुंबाची दोन घरं जोत्यापर्यंत आली आहेत. पैसे कमी पडतात म्हणून उरलेली दोन पुढच्या वर्षावर टाकली. मधल्या भावाला अजूनही वाटतं की व्यवहार झाला असता तर मुलीला परदेशी शिकायला पाठवता आलं असतं. त्याचं वाटणं मी चुकीचं म्हणणार नाही. जमीन राखण्याची किंमत असते आणि ती बहुतेक वेळा एकाच पिढीने भरलेली असते. गावाला पुरापासून वाचवणारं खाजन राखल्याबद्दल ना या कुटुंबाला काही मिळतं, ना शेत करणाऱ्या घराला. नियमनाने अडवायचं आणि राखणाऱ्याला काहीच द्यायचं नाही, ही आपल्या किनारी नियोजनातली मोठी उणीव आहे. ती भरली नाही तर खरेदीदाराच्या माणसाला प्रत्येक वाड्यात कोणीतरी भेटणारच.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे दोन्ही पोटहिश्श्यांचे एक-चौदा काढून कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना वाचणं. सर्वे प्लॅन, झोनची लेखी माहिती आणि किनारी आराखड्याचा नकाशा त्यासोबत. हे सगळं खरेदीदाराशी पहिलं बोलणं होण्याआधी टेबलावर हवं होतं. तसं असतं तर विसार घेतला गेला नसता आणि हप्त्यांची ओढाताण झाली नसती.

वारसांचे कागद वडील गेल्यानंतर लगेच व्हायला हवे होते. दुःखात ते राहून जातात, मग वर्षं जातात, आणि घाई करणारा माणूस दारात उभा राहतो तेव्हा आईचा अर्धा हिस्सा कोणाच्या ध्यानात नसतो.

कुळाशी बोलणं फार उशिरा झालं. त्याच्या घराला पहिल्याच आठवड्यात विश्वासात घेतलं असतं तर बांध, मानस आणि पाण्याची वाट यांबद्दल आमच्यापैकी कोणालाही नसलेली माहिती निर्णयाच्या वेळी हाताशी असती. भराव पडण्याआधीच त्याने धोका ओळखला होता. त्याने पंचायतीत तोंडी सांगितलंही होतं. लेखी द्यायला त्याला कोणी मदत केली नाही. फोटो, तारीख, सर्वे क्रमांक घालून एका पानाची तक्रार पंचायत, नियोजन खातं आणि मामलेदार यांना एकाच दिवशी गेली असती तर रात्रीचे ट्रक कदाचित लवकर थांबले असते.

आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा २०२१ च्या आराखड्याच्या मसुद्याचा आहे. तो पंचायतीत लागला होता तेव्हा घरातलं कोणी पाहायला गेलं नाही. विहिरीवरून जाणारी रेघ तेव्हा हरकतीने, फुकट, सगळ्या गावासमोर सरकवता आली असती. ज्या गावांनी नकाशे हातात घेऊन वाडा न् वाडा फिरून हरकती दिल्या त्यांची शेतं नकाशावर नीट नोंदली गेली. पुढचा आराखडा कधीतरी येईलच. त्याची तयारी मसुदा लागल्यावर करून भागत नाही. कुठलं शेत पाणी धरतं, कुठली मानस चालते, कुठली वाट पायवहिवाटीची आहे, याची नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात आजपासून येत राहिली तरच त्या वेळी हातात काही असेल.

या गावाने निदान ती सुरुवात केली आहे. गेल्या ग्रामसभेत त्या खाजनाच्या बांधाची आणि मानशींची यादी ठरावाला जोडली गेली. मानशीच्या पावणीचे, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या लिलावाचे, पैसे आधी झडपांच्या दुरुस्तीला वापरावेत असं ठरलं, आणि बांधाच्या कामासाठी कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाला पत्र गेलं. भराव काढण्याची मागणी अजून पंचायतीच्या फाइलमध्ये आहे. कुळाच्या खरेदीची सुनावणी मामलेदारांकडे लागायची आहे.